सुभेदाराची पिसं

आमच्या नात्यागोत्यात अजूनही एक गोष्ट हसत हसत सांगतात, की माझ्या आईनं एका पोपटापायी थोरल्या दिराला घरातून घालवून दिलं. सांगणाऱ्यांपैकी निम्मी माणसं तेव्हा जन्मलीही नव्हती. परवा एका साखरपुड्यात चुलतभावाच्या सुनेनं, मी समोर बसलेली असताना, तीच गोष्ट नव्या सोयऱ्यांना रंगवून सांगितली आणि सगळे खो खो हसले. त्यांच्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, "मावशी, तुमच्या आई भारीच हट्टी असतील हो!" हातातली बासुंदीची वाटी मी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. आईला जाऊन किती काळ लोटला, पण तिच्या नावावरचा हा डाग काही पुसला जात नाही. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. त्या घरात मी होते आणि जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही तेव्हा भिंगारला राहत होतो. नाना, म्हणजे माझे वडील, लष्कराच्या गोदामात कारकून होते. तिथल्या नोकरांसाठी बांधलेल्या कौलारू चाळीत आम्हाला दोन खोल्या आणि पुढं एक ओटी मिळाली होती. माझे दोघे भाऊ शिकायला नेवाशाला मामाकडे, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सकाळ उजाडायची ती छावणीतल्या बिगुलानं. त्याच्या मागोमाग कवायतीच्या बुटांचा दणदणाट, मग आईचं भाकरी थापणं, मग शेजारच्या काशीबाईंचा खल. या सगळ्यांत एक दिवस नवा आवाज आला. तारा ओढायच्या म्हणून रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या फांद्या तोडत होते, त्यात एक ढोली फुटली आणि पोपटाचं पिल्लू खाली पडलं. अंगावर पिसं थोडी आणि पोटच जास्त. नानांनी ते टोपीत घालून घरी आणलं आणि आईनं भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून बोटानं त्याला भरवली. जरा मोठं झाल्यावर ते ओटीवर छाती काढून असं काही चालायला लागलं, की नाना म्हणाले, "हा तर सुभेदार!" तेच नाव पडलं. बिगुलाचे सुरुवातीचे सूर तो शिटीवर हुबेहूब वाजवायचा, तेही ऐन दुपारी, आणि रात्रपाळीवरून येऊन झोपलेली माणसं दचकून उठून बसायची. पिंजरा होता, पण त्याचं दार दिवसभर उघडं असे. आज पोपट पाळणं कायद्यानं गुन्हा आहे आणि तसंच असायला हवं. आमच्या गल्लीत आता कुणी पिंजरा टांगला तर मीच आधी तक्रार करीन. पण त्या पिल्लाला परत ठेवायला तेव्हा ढोलीच उरली नव्हती.

सुभेदार वर्षाचा होत आला तो मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीला चव नव्हती आणि ती नीट थापलीही जायची नाही, कडा चिरायच्या. आई लसणाची चटणी जास्त तिखट करायची, म्हणजे तिखटाच्या नादात भाकरी पोटात जायची. चाळीला मिळून एक नळ, तो सकाळी थोडा वेळ गुळण्या टाकायचा आणि बंद पडायचा. मग लष्कराचा टँकर येईल तेव्हा हंडे घेऊन पळायचं. अशा दिवसांत पारनेरहून थोरले काका मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला आमच्याकडे आले. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला, तरी काका काही परत जाईनात.

काका सरकारी दवाखान्यात कंपौंडर होते. निवृत्त झाल्यावर गावात त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे आणि त्यांनीही कधी कुणाला थांबवलं नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत चिमटे, कात्र्या, टिंक्चरच्या बाटल्या, कसल्या कसल्या पुड्या होत्या आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचं मत तयार असायचं. आजोबा लवकर गेले म्हणून नानांना त्यांनीच शिकवलं होतं. हे खरं होतं आणि ते आम्ही विसरू नये याची काका रोज काळजी घेत. जेवताना, चहा पिताना, अगदी नाना बूट घालत असतानाही काका म्हणायचे, "मी नसतो तर तू आज गुरं वळत असतास." नाना मान खाली घालून बुटाची नाडी बांधायचे. त्या टंचाईत काकांना आंघोळीला दोन बादल्या पाणी लागे. शक्ती भरून यावी म्हणून रोज उकडलेलं अंडं लागे. आई काही बोलायची नाही. बोलणार तरी कसं? आमच्यात थोरल्या दिराशी बाई थेट बोलत नसे. काका समोर बसलेले असतानाही आई डोक्यावरचा पदर पुढं ओढून मला म्हणायची, "सुमे, काकांना इचार, अजून भाकरी वाढू का?" मग काका माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे." दोघांच्या मधे हातभर अंतर, आणि मी टपालासारखी इकडून तिकडं.

वैशाखात एका सकाळी ओटीवर मला सुभेदाराच्या शेपटीचं लांब पीस सापडलं. मी ते हौसेनं पुस्तकात ठेवलं. पण मग रोजच पिसं पडायला लागली. आधी शेपटीची, मग पंखातली, मग मानेखालची बारीक हिरवी, वाऱ्यानं खोलीभर फिरणारी. सुभेदार गप्प झाला. शिटी नाही, बिगूल नाही. डोळे अर्धे मिटून एका पायावर बसून राहायचा, आणि मी डोकं खाजवायला बोट नेलं की चावायला धावायचा. आजवर त्यानं मला कधी चोच लावली नव्हती. मानेवर आणि डोक्यावर त्याच्या काट्यासारखे काळपट टोकदार कोंब उगवले होते, ज्वारीच्या खुंटांचं रान दिसावं तसे. मी घाबरून रडायलाच लागले. काकांनी चष्मा वर-खाली करत पिंजऱ्यापाशी जाऊन पाहिलं आणि निकाल दिला, "खरूज आहे ही. पाखरांची खरूज. माणसाला लागते. उद्या पोरीच्या डोक्यात चाई पडेल, केस झडतील, मग बसा रडत."

ही बातमी काकांनी स्वतः ओटीवर उभं राहून चाळभर केली. दुसऱ्या दिवसापासून काशीबाई आमच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावू लागल्या आणि त्यांच्या मुली माझ्याशी खेळायला येईनाशा झाल्या. काकांचं म्हणणं एकच, "सोडून द्या त्याला माळावर." शेपटी गेलेला, पंख विरलेला पोपट! घारीनं तो दुपारच्या आत उचलला असता. नाना नुसते "बघू, बघू" म्हणत राहिले.

आई मात्र स्वस्थ बसली नाही. तिनं माहेरी कोंबड्या पाळल्या होत्या. ती मला आत घेऊन हळूच म्हणाली, "कोंबड्याबी वर्षाला पिसं टाकत्यात गं. पण ह्याचं तसंच असंल का, मला ठावं न्हाई. इचारलं पायजे." काका दुपारी झोपले असताना आम्ही दोघी सुभेदाराला झाकणाच्या टोपलीत घालून नगरला गुरांच्या दवाखान्यात गेलो. आवारात दुष्काळी चारा-छावणीतली, हाडं वर आलेली गुरं उभी होती, त्यांचे मालक झाडाखाली मुकाट बसले होते, आणि त्यांच्यामधे आम्ही पोपट घेऊन उभ्या. आईला इतकी लाज वाटली की ती मागं फिरायला लागली. पण तरुण डॉक्टरांनी हाक मारून आम्हाला आत घेतलं. सुभेदाराला हलक्या हातानं फडक्यात धरून त्यांनी पंख उलगडून पाहिला आणि हसले. "बाई, याला काही झालेलं नाही. जुने कपडे टाकून नवे शिवतोय. पहिलीच वेळ आहे, म्हणून तोही घाबरलाय आणि तुम्हीही." ते काटे म्हणजे नव्या पिसांचे कोंब. प्रत्येकात रक्त खेळत असतं, म्हणून हात लावला की ठणकतं. त्यांनी आईला नीट समजावलं. ओढाताण करू नका, झोपू द्या, झळ लागू देऊ नका, अंडं किंवा भिजवलेले हरभरे द्या, आणि रोज अंगावर पाणी शिंपडा म्हणजे कोंबावरचं साल मऊ पडून गळून जाईल. परत येताना आई इतकी झपाझप चालत होती की मला पळावं लागत होतं.

त्यानंतरचे दिवस मला आजही लख्ख आठवतात. आईनं पिंजरा खिडकीपासून काढून आतल्या खोलीत, भिंतीच्या सावलीत ठेवला आणि आपल्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा तिन्ही बाजूंनी बांधला. सकाळी ती आपल्या वाट्याच्या पाण्यातून एक वाटी बाजूला काढायची आणि मी त्यात बोटं बुडवून सुभेदारावर शिंतोडे उडवायची. पहिल्यांदा तो चिडला. मग हळूहळू त्याला ते आवडायला लागलं. पंख अर्धे पसरून, मान वाकडी करून तो "अजून, अजून" म्हटल्यासारखा उभा राही. नंतर तासन्‌तास चोचीनं एकेक कोंब विंचरत बसे. कोंबाचं साल पांढऱ्या कोंड्यासारखं गळायचं आणि आतून हिरवं पीस उलगडायचं, केळीच्या कोवळ्या पानासारखं. जिथं त्याची चोच पोचत नव्हती, त्या डोक्यावरच्या सुकलेल्या कोंबांसाठी तो माझ्याकडे मान खाली करायला लागला. मी नखानं साल अलगद चुरडायची. ओला कोंब लागला की तो "किर्र" करायचा आणि मी हात काढून घ्यायची. आम्हाला एकमेकांचं कळत होतं.

आणि या वाटीभर पाण्यावरून काकांनी घर डोक्यावर घेतलं! "माणसं तहानेनं मरायलीत आणि इथं पाखराला अभिषेक चाललाय." हे बोलताना त्यांचं आंघोळीचं पाणी मोरीतून वाहत असायचं. डॉक्टर काय म्हणाले हे आईनं माझ्या तोंडून त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "गुरांच्या डॉक्टरला काय कळतंय! हयात दवाखान्यात काढली मी." आईला अंडं वेगळं आणणं परवडत नव्हतं. ती काकांच्या अंड्यातला बोटभर तुकडा काढून ठेवायची. ते काकांनी एकदा पाहिलं आणि नानांना सुनावलं, "तुझ्या घरात माझी किंमत पोपटाखाली आहे." नाना आईला म्हणाले, "कशाला उगाच..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी जेवलेच नाही. माझ्या रागाची दखल घ्यावी असं घरात कुणालाच वाटलं नाही, हा भाग वेगळा.

एका रविवारी टँकर लवकर आला. मी आणि आई हंडे घेऊन धावलो. रांग मोठी होती. परत आलो तर ओटीवर टिंक्चरचा उग्र वास. काका पाटावर बसलेले, शेजारी पत्र्याची पेटी उघडी, हातात चिमटा. समोर नाना उकिडवे बसले होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत टॉवेलमधे गुंडाळलेला सुभेदार. एक पंख बाहेर ओढून ठेवलेला. काका त्या पंखातला एकेक कोंब चिमट्यात धरून उपटत होते आणि तिथं टिंक्चर लावत होते. टॉवेल रक्तानं भरला होता. सुभेदार ओरडत नव्हता. त्याची चोच उघडी होती आणि आवाज येत नव्हता.

मी किंचाळले. काका वर न बघता शांतपणे म्हणाले, "रोगाची मुळं काढतोय. थोडं रक्त येणारच." आणि चिमटा पुन्हा पुढं नेला. मी नानांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. काकांनी कुठल्यातरी पाखरावर प्रयोग करावेत, हे एकवेळ मी समजू शकते. पण ज्या माणसानं त्या पिल्लाला टोपीत घालून घरी आणलं, त्यानंच ते धरून बसावं! मी स्वतः साठीच्या उंबरठ्यावर असताना, नाना वारल्यावर त्यांचे कपडे वाटायला काढताना ती टोपी हाती आली, तेव्हासुद्धा मला आधी तो रक्तानं भरलेला टॉवेलच दिसला.

आईनं हंडा खाली ठेवला. पाणी हिंदकळलं, सांडलं, तिनं पाहिलं नाही. ती नानांपुढे बसली आणि त्यांच्या हातांतून सुभेदार काढून घेतला. नानांनी हात लगेच सैल केले, जणू कुणी तरी येऊन तो घ्यावा याचीच वाट बघत होते. आईनं मला हळद आणायला सांगितलं आणि रक्त वाहत होतं तिथं चिमूट दाबून धरली. काका उठून उभे राहिले. "सुमे, तुझ्या आईला सांग, पुरुषांच्या कामात मधे पडू नये."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि तिनं तो सावरला नाही. "दादा, सुमीला कशाला सांगताय? मी हितंच हाय. त्यो चिमटा पेटीत ठेवा."

सांडलेलं पाणी पायरीवरून ठिबकत होतं. काकांचा हात खाली आला आणि चिमटा पेटीत पडला. काकांनी नानांकडे पाहिलं. "ऐकलंस? तुझी बायको माझ्याशी कशी बोलतीय?"

"त्यांना काय इचारता? त्यांनी पाखरू धरलं, तुम्ही उपटलं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मुका जीव हाय. डाक्टरांनी सांगितलं हुतं, हात लावू नका. सुमीनं तुम्हाला सांगितलं. तरी आमी घरात नसताना तुम्ही ह्ये केलं. माझ्या घरात पुन्हा कुणाच्या अंगाला तुमचा चिमटा लागता कामा नये."

"मग या घरात मी पाण्याचा थेंब घेणार नाही!" काका गरजले.

"बरं," आई म्हणाली, आणि सुभेदाराला घेऊन आत गेली.

बस. एवढंच झालं. "निघा" हा शब्द तिच्या तोंडून आला नाही, हे मी शपथेवर सांगते. काका ओटीवर आढ्याकडे बघत बसले. मनधरणीला कुणीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा होती. नाना दोनदा गेले, हात जोडले, परत आले. आईनं नेहमीच्या वेळी स्वयंपाक केला, काकांचंही ताट वाढून ओटीवर नेऊन ठेवलं आणि मग, आमच्या घरात पहिल्यांदाच, पुरुषांच्या आधी मला घेऊन जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेटी उचलून पारनेरच्या एसटीत बसले. गावात पोचायच्या आतच बहुधा गोष्ट तयार झाली असावी, कारण आठवड्याभरात ती नेवाशाला मामाच्या घरीसुद्धा पोचली. पोपटापायी दिराला हाकललं. कोंब उपटल्याचं त्यात नव्हतं, टॉवेलचं नव्हतं. कुणी आईला विचारलंही नाही. आणि नानांनी? नानांनी कुणाला काही सांगितलं नाही. टँकर आला की मात्र ते हंडा घेऊन रांगेत उभे राहू लागले. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. चाळ हसायची. आई त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यायची, पण तिच्याकडून मी "असू द्या" असं कधी ऐकलं नाही.

सुभेदार कित्येक दिवस मरणाच्या दारात होता. आई त्याला गुळाचं पाणी थेंबथेंब पाजायची. मग एका सकाळी त्यानं हरभरा उचलून फोडला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पावसाळा सरेपर्यंत त्याच्या बाकीच्या अंगावर अशी झळझळीत हिरवी पिसं आली की काशीबाई नाकाचा पदर सोडून बघायला आल्या. उपटलेल्या पंखातली पिसं फार उशिरा आली, त्यातली काही वाकडी. तो उडायचा तो कायम एका अंगाला कलून.

त्या वर्षीच दिवाळीनंतर पारनेरला काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. जाणं भागच होतं. मांडवात आईशी कुणी धड बोलेना. बायका कुजबुजायच्या आणि ती जवळ गेली की गप्प व्हायच्या. मी दात-ओठ खात तिच्या मागं मागं फिरत होते. दुपारी पंगती उठल्यावर गोदाकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, आईला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या खालमानेच्या, सदा तोंडावर पदर असलेल्या बाई. मला वाटलं, आता त्याही बोलणार. मी आईचा हात धरून आत गेले, कुणी काही बोललं तर मीच उत्तर देणार होते.

काकूंनी दार लोटलं. चुलीपाशी बसल्या, आम्हाला बसवलं. "घरी आल्यावर रागात माझ्यापाशी समदं बोलले हुते. त्यो चिमटा," त्या म्हणाल्या, "त्यांनी तुझ्या सांगण्यावरनं खाली ठेवला?"

"व्हय, बाई," आई म्हणाली. थोरल्या जावेला ती बाई म्हणायची.

काकूंनी लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी तोंडावरचा पदर बाजूला केला आणि तोंड उघडून आम्हाला दाखवलं. डाव्या अंगाला वरचे-खालचे दात नव्हतेच, नुसत्या हिरड्या. आजवर मी काकूंना हसताना का पाहिलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं.

"ह्ये सगळे त्यांनी काढले," त्या म्हणाल्या. "कीड पसरंल म्हनून. दुखत हुता एकच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, तुम्ही ओरडला नाहीत?"

"वरडले की," काकू म्हणाल्या. "पण धरायला मानसं असत्यात गं."

आईनं त्यांचा हात हातात घेतला. तेवढ्यात बाहेरून काकांची हाक आली, "पाणी आणा!" काकूंनी घाईनं पदर तोंडावर ओढला, तांब्या भरला आणि उठायला लागल्या. आईनं त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि चुलीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. "बसा, बाई," ती म्हणाली, "जेवला न्हाईत तुम्ही अजून." आणि तिनं काकूंचं ताट पुढं ओढून त्यात भात वाढला, मऊ, वरणात कालवून. काकांनी दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा, जोरात. काकूंचा घास हातातच थांबला. आई तोच घास बघत बसली, आणि तो तोंडात जाईपर्यंत आमच्यातली एकही जागची उठली नाही.